पुरावा तपासला

पुरावाबाईंनी सही करायला नकार दिला तेव्हा सगळ्यांना आधी वाटलं, पेनातली शाई संपली असेल. दोघांनी तर आपापली पेनं पुढे केली.

त्यांचाही दोष नव्हता. सव्वीस वर्षं ही बाई शब्दकोशाच्या कचेरीत एकाच खुर्चीवर बसून एकच काम करत आली होती आणि कुणाला कधी उलटून बोलली नव्हती. कोश इंग्रजीतून आपल्या भाषेत नेणारा, उशाला घेतला तर मान अवघडेल एवढा जाड. कचेरी म्हणजे तीन खोल्या, भिंतीभर लाकडी खण आणि खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं. प्रत्येक कार्डावर एक वाक्य, कुणीतरी कधीतरी तो शब्द वापरून खरोखर लिहिलेलं, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव व तारीख. एका अर्थाला अशी तीन कार्डं लागत. तीन भरली नाहीत तर अर्थ कितीही गोंडस असो, त्याला कोशात जागा नाही. छापखान्यातून पानाचं प्रूफ आलं की बाई खण उघडायच्या, छापलेला अर्थ कार्डांशी ताडून बघायच्या, तळाशी ‘पुरावा तपासला’ असा निळा शिक्का मारायच्या आणि सही ठोकायच्या. म्हणूनच त्यांना पुरावाबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं.

जो अर्थ लिहितो त्याने तो तपासायचा नाही, असं कोशाच्या संस्थापकांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं. त्यामुळे या सहीवाचून खुद्द मुख्य संपादकांनाही एक पान पुढे ढकलता येत नसे. अर्थात तशी वेळ कधी आलीच नव्हती. आता तिसरी आवृत्ती छापायला निघाली होती, सतराशे तेरा पानांवर सह्या झाल्या होत्या, आणि बाई सतराशे चौदाव्या पानावर अडून बसल्या होत्या.

मुख्य संपादक स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. त्यांच्या माघारी सगळे त्यांना पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की चर्चा संपायची.

“काय अडलंय?”

“हा शब्द,” बाईंनी बोट ठेवलं. स्टारगेझ, क्रियापद. पुढे अर्थ : काम टाळून वेळ दवडणे. त्याखाली एक उदाहरण, पूर्ण ओळभर. “ह्याला पहिला अर्थच नाही.”

“कुठला पहिला अर्थ?”

“ताऱ्यांकडे बघणे.”

पूर्णविराम हसले, म्हणून खोलीही हसली. “अहो बाई, स्टार म्हणजे तारा, गेझ म्हणजे टक लावून बघणं. दोन्ही शब्द कोशात आहेत, वाचणारा जोडून घेईल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जोडशब्दाचा उघड अर्थ छापायचा नाही, जागा वाचवायची, हा संस्थापकांचा नियम आहे. तुम्हाला मी सांगायला हवा का?”

“नको. एक ओळ वाचते, माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “त्या वाचलेल्या ओळीपायी माझ्या बापाची नोकरी गेली.”



गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. बाईंचे बाबा पाण्याच्या टाकीवर रात्रपाळीचे पहारेकरी होते. टेकडीवर टाकी, टाकीला लोखंडी शिडी, वर सपाट छत. दर तासाला पाण्याची पातळी रजिस्टरात लिहायची, झडप बघायची आणि झोपायचं नाही, ही तीन कामं. पहिली दोन कुणालाही जमतात. तिसऱ्यासाठी बाबांनी ताऱ्यांची सोबत धरली. कुठला तारा किती वाजता कठड्याला टेकतो हे त्यांना असं पाठ होतं की घड्याळ बंद पडलं असतं तरी रजिस्टर चुकलं नसतं. शाळेला सुट्टी असली की लेकीलाही घेऊन जायचे. ती छतावर उताणी पडायची आणि बाबा वर हात करून नावं सांगायचे. काही नावं खरी होती, काही बाबांनीच ठेवलेली. ती कुठली हे बाईंना कोशात नोकरी लागेपर्यंत कळलं नाही.

एका रात्री नवा अधिकारी न कळवता पाहणीला आला आणि त्याने इंग्रजीत चार ओळींचा मेमो लिहिला. रात्री दोन चाळीसला टाकीच्या छतावर गेलो. पहारेकरी उभा राहून स्टारगेझिंग करत होता. रजिस्टर पूर्ण, पातळी बरोबर. खुलासा घ्यावा. खाली खुलाशासाठी सहा रेघा मोकळ्या. साहेबाने तक्रार केली होती की जे दिसलं तेवढं लिहिलं होतं, कोण जाणे. पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली, विचारायची सोय राहिली नाही.

बाबांना तो एक शब्द अडला. ते लेकीचा हात धरून वाचनालयात गेले आणि त्यांनी हाच कोश उघडला, पहिली आवृत्ती. ओळीवर बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कोश मिटला. “छापलंय,” एवढंच म्हणाले. छापलंय त्यापुढे आपण काय खुलासा करणार? सहा रेघा कोऱ्याच राहिल्या. मेमो हेडक्लार्ककडे गेला. त्यालाही तोच शब्द अडला, त्यानेही तोच कोश उघडला. बडतर्फीच्या हुकमात ‘काम टाळून वेळ दवडणे’ हे चार शब्द एक काना-मात्रा न बदलता उतरले. रजिस्टर पूर्ण, पातळी बरोबर, याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तारे बघणारा माणूस तारे बघत असेल, ही एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण ती कुठे छापलेली नव्हती. उघड होती ना!

पुढची वर्षं बाबांनी एका गोदामात खोकी मोजण्यात काढली. त्या गोदामाला खिडकी नव्हती. आई जाईपर्यंत टोमणे मारत राहिली, “बघा, वर बघा, तिकडून पडेल काहीतरी ताटात.” वर तर त्या दिवसापासून बाबांनी बघितलंच नाही. रस्त्याने चालतानाही खाली मान, जसं काही हरवलेलं नाणं शोधताहेत.

बाईंना हेडक्लार्कचा राग होताच, पण त्याहून जास्त राग त्या ‘छापलंय’चा होता. छापणारे कोण, हे बघायला म्हणून त्या या कचेरीत शिरल्या. दुसरी आवृत्ती तोवर निघून गेली होती, जशीच्या तशी. मधे दुरुस्ती करायची रीत नव्हती. जे बदलायचं ते नव्या आवृत्तीत. तेव्हा सव्वीस वर्षं ही बाई शांतपणे ‘एस’ अक्षर यायची वाट बघत बसली होती, आणि लोक म्हणत होते, किती गरीब स्वभाव!

“वाईट झालं,” पूर्णविराम म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. “पण एका माणसासाठी नियम मोडता येत नाही. गुरुवारपर्यंत पान छापखान्यात गेलं पाहिजे. सही करा.”

“नाही करत.”

त्यांनी सहसंपादकांकडे शिक्का सरकवला. सहसंपादक बारमाही सर्दीचा माणूस, रुमालाशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. बाईंना वाटलं, संपलं आता. सहसंपादक शिंकले, पान वाचलं, आणखी एकदा शिंकले. “करतो की सर. ह्या अर्थाची तीन कार्डं तेवढी दाखवा, म्हणजे करतो. न बघता कशी करू? बाईंनी मला असं शिकवलेलं नाही.”

शिक्का परत बाईंकडे आला.

मग तीन दिवस जो येईल तो उपदेश करून गेला. छापखान्याचा फोरमन जिना चढून धापा टाकत वर आला. “बाई, यंत्र उभं आहे. यंत्र उभं राहिलं की मला झोप लागत नाही.” धाकट्या भावाने फोन केला. त्याच्या कानावर ही बातमी कुणी घातली देव जाणे, तो म्हणाला, “ताई, रिटायर व्हायला पाच वर्षं राहिलीत. कशाला पाण्यात राहून माशाशी वैर घेतेस? आणि बाबांना आता काय फरक पडतो?”

“तुला आठवत नाहीत ते,” बाई म्हणाल्या. “तू पाळण्यात होतास. तू त्यांची फक्त मान बघितली आहेस. मी चेहरा बघितलाय.” आणि फोन ठेवला. असं बोलणं त्यांना जमतं, याचं त्यांनाच नवल वाटलं. मग नवलाची जागा मजेने घेतली.

बुधवारी सकाळी बाबांचा चहा खिडकीशी ठेवत त्या म्हणाल्या, “बाबा, तो मेमो आहे का हो अजून?”

बाबांचं वय आता एक्याऐंशी. वाचायला भिंग लागायचं, ऐकायला मात्र काहीच लागत नसे. “कशाला उकरतेस? जाऊ दे, पोरी. छापलंय ते छापलंय.”

बाईंचा आवाज चढला. “छापणारे कोण असतात, माहीत आहे का तुम्हाला? सर्दी झालेली माणसं असतात. घरून भांडून आलेली असतात. जेवायच्या सुट्टीआधी पान संपवायची घाई असलेली असतात. आणि त्यांतली एक मी असते. मी पोळी करपवली तर तुम्ही मला बोलता, आणि मी सही केलेल्या पानापुढे मान खाली घालता?”

बाबा उठले, कपाटातला पत्र्याचा डबा काढला आणि तळातून चार घड्या घातलेला कागद दिला. घड्यांवर आतून चिकटपट्टी लावलेली होती. बाईंना वाटत होतं आईने तो केव्हाच चुलीत घातला असेल.

“एवढा जपून का ठेवलात?”

“रजिस्टर पूर्ण, असं लिहिलंय त्यात,” बाबा म्हणाले. “साहेबाच्या अक्षरात. दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही.”

बाईंना त्या क्षणी रडू आलं असतं. पण कचेरीची वेळ झाली होती, आणि रडून गेलेलं तोंड घेऊन त्यांना तिथे जायचं नव्हतं.

मुख्य संपादकांच्या टेबलावर त्यांनी तीन कार्डं मांडली. “पहिल्या अर्थाचा पुरावा. हे एका जुन्या प्रवासवर्णनातलं, हे एका वर्तमानपत्रातलं. ही दोन खणात होतीच. तिसरं हे. मूळ कागद सोबत जोडलाय.”

पूर्णविरामांनी मेमो वाचला. “हा खाजगी कागद आहे. कुठे छापलेला नाही. असला पुरावा चालत नाही.”

“चालत नाही?” बाईंनी बरोबर आणलेला खण टेबलावर ठेवला. “मग आता छापलाय त्या अर्थाचं कार्ड बघू या. एकच आहे. संस्थापकांच्या अक्षरात.”

पूर्णविराम चष्मा वर करून वाचू लागले. ‘आमचे मेहुणे काहीएक काम करत नाहीत, नुसते स्टारगेझ करतात.’ खाली लिहिलं होतं : मित्रास लिहिलेल्या पत्रातून. प्रूफातलं उदाहरणही हेच, ओळभर.

“त्यांच्या बायकोचा भाऊ त्यांच्याकडे राहायला आला होता आणि हलत नव्हता,” बाई म्हणाल्या. “ते पत्र आपल्याच फायलीत आहे. मी सगळं वाचलंय, सात पानी आहे, सातही पानं मेहुण्यावरच आहेत. त्या रागात त्यांनी हे कार्ड केलं. खाजगी पत्र, छापलेलं नाही, एकच कार्ड. त्यावर दोन आवृत्त्या निघाल्या आणि माझ्या बापाला हुकूम निघाला. ह्याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, सर. त्या म्हणीला आपल्याकडे नऊ कार्डं आहेत.”

सहसंपादक शिंकले. ती शिंकच होती असं त्यांनी नंतरही शपथेवर सांगितलं.

“तेव्हा तीनचा नियम नव्हता,” पूर्णविराम म्हणाले. “आणि अर्थ काही खोटा नाही. लोक वापरतात तसा.”

“वापरतात की! मी कुठे काढा म्हणतेय? दुसऱ्या नंबरावर बसवा, दोन कार्डं कमी पडतात ती मी शोधून ठेवली आहेत. ही घ्या.” बाईंनी तीही मांडली. “खोटा नाहीच तो, पण नंतरचा आहे. आधी माणूस आला, सर. स्टारगेझर. तो सोळाव्या शतकातला, आपल्याच खणात आहे बघा. क्रियापद मागाहून त्याच्यावरून पाडलं. हसणारे तेव्हाही होतेच. पण तो करतो काय म्हणून विचारलं तर तारे बघतो, हेच सांगायचे. मान वर करून धावणाऱ्या घोड्याला हे नाव आहे, त्याला तुम्ही ओळ दिलीत. वाळूत अंग पुरून डोक्यावरच्या डोळ्यांनी वर बघत राहणारा मासा आहे, त्याला दीड ओळ. तो मासा आळशी नाही बरं का, तो तसाच पोट भरतो. घोड्याला जागा आहे, माशाला आहे, मेहुण्याला आहे. जो माणूस खरोखर मान वर करून बघत उभा होता, त्यालाच तेवढी नाही?”

पूर्णविरामांचा चेहरा लाल झाला. “बाई, सहीच्या कामावरून मी तुम्हाला काढू शकतो.”

“काढा,” बाई म्हणाल्या. “पण हुकमात कारण लिहावं लागेल. शब्द जपून वापरा सर, मी त्याचं कार्ड करीन.”

पूर्णविरामांनी मेमो पुन्हा उचलला. ह्या वेळी त्यांनी तो सावकाश वाचला, शेवटच्या सहा कोऱ्या रेघांपर्यंत. रेघांवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनाही वडील असणारच, आणि चाळीस वर्षं अर्थ लिहिणाऱ्या माणसाला कोरी जागा वाचता येत नाही असं थोडंच आहे.

“ह्या पानावर जागा नाही,” ते शेवटी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाक्याच्या शेवटी स्वल्पविराम पडला होता.

फोरमनला बोलावलं. त्याने पानाकडे बघून मान हलवली. “एक ओळ घालायची तर एक काढा. अर्धीसुद्धा इकडची तिकडे होत नाही.”

“मेहुणे काढा,” बाई म्हणाल्या.

“सुटले बिचारे एकदाचे,” फोरमन म्हणाला.

संपादकांनी पेन्सिलीने उदाहरण खोडलं आणि समासात लिहिलं : १. ताऱ्यांकडे निरखून पाहणे. मग थोडं थांबून, कुणी न सांगता, पुढे जोडलं : आकाशाचे निरीक्षण करणे. २. काम टाळून वेळ दवडणे. फोरमन पान घेऊन खाली धावला आणि तासाभरात दुरुस्त केलेल्या पानाची दोन प्रूफं वर पाठवली. दोन्हींवर बाईंनी शिक्का मारला आणि सही केली. अक्षर जरा वाकडं आलं. एक प्रूफ खाली छापखान्यात गेलं, दुसरं त्यांनी पिशवीत घातलं.

घरी बाबा खिडकीशीच होते. ऊन अजून उतरायचं होतं. बाईंनी पान त्यांच्या पुढ्यात ठेवलं, भिंग हातात दिलं आणि ओळ दाखवली. बाबांनी बेचाळीस वर्षांपूर्वीसारखंच बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

“छापलंय?”

“छापलंय.”

“एक नंबरावर?”

“एक नंबरावर. सही माझी आहे खाली.”

बाबांनी सहीवर भिंग नेलं. “वाकडी आलीये,” ते म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. “तो मेमो दे. आणि पेन.”

चिकटपट्टी लावलेला कागद त्यांनी मांडीवरच्या पाटीवर सपाट केला. खुलाशाच्या पहिल्या रेघेवर पेन टेकवलं. भाषा रजिस्टराचीच होती, तीच तुटक इंग्रजी, अकरा वर्षं दर तासाला लिहिलेली. होय साहेब. स्टारगेझिंग करत होतो. टाकी भरलेली होती. सहांपैकी तीनच रेघा लागल्या. खाली त्यांनी आजची तारीख घातली आणि सही केली. ती सरळ आली.

“पाठवून दे,” बाबा म्हणाले.

“कुणाला बाबा? ती कचेरी बंद होऊन वीस वर्षं झाली. साहेब नाहीत, हेडक्लार्क नाही.”

“मग तुझ्या खणात ठेव.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या. “पण पहिल्या अर्थाची तीन कार्डं भरली आहेत बाबा. पुरावा पुरेसा आहे आता.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “ती तिन्ही तारे बघणाऱ्याला बघणाऱ्यांची असणार. बघणाऱ्याचं स्वतःचं एक असू दे.” आणि त्यांनी खिडकीची फळी जोर लावून वर केली, मान बाहेर काढली आणि अजून एकही तारा न आलेल्या आभाळाकडे बघत बसले.